वरचा वाटा

अक्रोडाचा हंगाम लागला की तेरेकबुलाक गाव रिकामं होतं. शाळेला कुलूप लागतं, पिठाच्या गिरणीला कुलूप लागतं आणि दवाखान्यालाही लागतं, कारण आजारी पडायला गावात कुणी उरलेलंच नसतं. माणसं, गाढवं, तंबू, पिठाची पोती, चहाचं पाणी उकळायचा समोवार, टोपलीत कोंबलेल्या कोंबड्या, असं सगळं चंबूगबाळं डोंगरावरच्या जंगलात जातं आणि महिना दीड महिना तिथेच संसार थाटतं. जंगल सरकारी. वनखातं घराघराला त्याचे वाटे करून देतं, या ओढ्यापासून त्या खडकापर्यंत तुमचं, त्यापलीकडचं शेजाऱ्याचं. वाटा बापाकडून मुलाकडे येतो आणि त्याच्यावरून चाललेली भांडणंही त्याच्याबरोबर येतात.

बुरुल या गावात सून म्हणून आली त्याला बारा वर्षं झाली होती. ती खालच्या सपाटीवरच्या ओश शहरातली, नर्सिंग शिकलेली. गावचा दवाखाना म्हणजे तीच. इंजेक्शन तीच टोची, रक्तदाब तीच मोजी, आणि हंगामात झाडावरून पडलेल्यांचे हातपाय शहरातून गाडी येईपर्यंत फळीला बांधून ठेवायचं कामही तिचंच. ताप म्हणजे ताप आणि मोडलेलं हाड म्हणजे मोडलेलं हाड, असं मानणारी बाई. जंगलात एकमेकांना नावाने हाक मारायची नाही, खोडावर काठी आपटून खूण करायची, ही इथली रीत तिने पहिल्याच वर्षी मान्य केली, पण स्वतःच्या कारणासाठी. उंच फांदीवर उभ्या असलेल्या माणसाला नावाने हाक मारली की तो हटकून मान वळवतो, आणि मान वळली की पाय निसटतो. म्हाताऱ्या लोकांची कारणं वेगळी होती. ती तिने कधी विचारली नाहीत.

नाव न घेण्यात तर बुरुलचा हात कुणी धरला नसता. नवऱ्याचं आणि सासरच्या थोरांचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही, ही तिकडची जुनी चाल. शहरातल्या मुली आता तिला हसतात. बुरुलही आधी हसली होती, पण एकदा धरल्यावर तिने ती अशी धरली की सासूबाईसुद्धा चकित झाल्या. सासऱ्यांच्या नावात तिकडच्या भाषेतला कुऱ्हाडीचा शब्द होता, म्हणून सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी ती कुऱ्हाडीला ‘फोडायचं ते’ म्हणे. एकदा वनखात्याच्या कारकुनाने घरधन्याचं नाव विचारलं तर ही गप्प. शेवटी रांगेतल्या शेजारणीने सांगितलं. कारकून म्हणाला, “नर्सबाई, अख्ख्या गावाला सुया टोचता आणि नवऱ्याच्या नावाला घाबरता?”

“घाबरत नाही, जपते,” बुरुल म्हणाली होती. तीच इतकं जपते म्हटल्यावर आपणही तिच्या नवऱ्याचं नाव इथे मधेच घ्यायला नको.

तिला मात्र घरात कुणी नावाने हाक मारत नसे. सासूबाईंची ती ‘सूनबाई’, नवऱ्याची ‘ए’ किंवा ‘ऐकलंस का’. ओशला नर्सिंगच्या वसतिगृहाच्या फाटकाशी उभा राहून तो ‘बुरुल’ अशी हाक मारायचा, मधला उकार लांबवून, हसत हसत. लग्नानंतर वर्षभरात ती हाक बंद पडली. मूल झालं नाही, आणि त्याबद्दलचं बोलणंही घरात कधीच बंद झालं होतं. त्या हाकेची तिला अधूनमधून फार आठवण यायची, पण असलं काही कुणाला सांगायचं?

दुसरी एक रीत सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. चहा प्याल्यात नेहमी अर्धाच ओतायचा. अर्धा म्हणजे बसा, पुन्हा मागा, पुन्हा देऊ. काठोकाठ भरला म्हणजे हा प्या आणि वाटेला लागा. आल्या आल्या बुरुलने चुलत सासऱ्यांना मोठ्या प्रेमाने प्याला भरून दिला होता, आणि म्हातारा तसाच उठून घोड्यावर बसला होता. त्या गमतीवर गाव वर्षभर हसलं. त्यानंतर तिच्या हातून कधी प्याला भरला गेला नाही.

लागोपाठ दोन वसंतांत ऐन मोहोराच्या वेळी बर्फ पडलं आणि त्यांच्या वाट्यावरची झाडं नुसती पानांची राहिली. म्हणून यंदा नवऱ्याने वनखात्याकडून ओढ्यापलीकडचा वरचा वाटा मागून घेतला. एरवी वाटा बदलून घ्यायचा तर जोडे झिजतात. हा एका फेरीत मिळाला.

“इतकी वर्षं कुणी घेतला कसा नाही?” बुरुलने विचारलं.

“लांब पडतो,” तो म्हणाला. “लोक आळशी झालेत.”

हे ज्याला रोज सकाळी चार हाका मारून उठवावं लागे तो म्हणत होता. बुरुल हसली आणि समोवार गोणपाटात बांधायला लागली.

ओढ्याच्या अलीकडे सोनुन आजीचा तंबू होता. आजी बुरुलची जुनी रोगी, रक्तदाबाची. तिने तिघांना आणि गाढवाला येताना पाहिलं आणि हातातला अक्रोड सोलता सोलता थांबली.

“वर निघालात?”

“वर,” सासूबाई गाढवाला न थांबवता म्हणाल्या.

“आणि सुनेलाही नेताय?”

“मग वेचणार कोण? तू येतेस?”

आजीने बुरुलचा हात धरून तिला मागे ठेवलं. सासूबाई आणि नवरा ओढ्यात उतरले. “सत्तारचा वाटा तो,” आजी म्हणाली. “वाटा चांगला आहे. पोत्यांवर पोती काढली त्याने. मग सोडला. बायको रशियाला गेली म्हणे कामाला, त्याचं मन लागेना.” मग ती जवळ सरकली. “वर नावाने हाक आली तर ओ देऊ नकोस हं पोरी. आवाज कुणाचाही असू दे.”

“आजी, गोळ्या घेताय ना वेळेवर?”

“घेते गं. तू ओ देऊ नकोस म्हणजे झालं.”

वाटा खरंच चांगला होता. नवा वाटा मिळाला की आधी त्याची हद्द पायाखालून घालायची, म्हणून नवरा तंबू ठोकत असताना बुरुल काठी घेऊन निघाली. ओढ्यापासून उतार सरळ वर चढत होता. दोन माणसांच्या कवेत न मावणारे अक्रोड, खोडांवर म्हशीच्या डोक्याएवढ्या गाठी, मधेमधे रानसफरचंद आणि तांबड्या फळांची काटेरी झुडपं. हिरव्या सालींचा कडू वास नाकात बसत होता. फांद्या इतक्या लगडल्या होत्या की काही जमिनीला टेकल्या होत्या. एवढं पीक तिने बारा वर्षांत पाहिलं नव्हतं.

खाली अक्रोडांचा सडा पडला होता आणि त्यातल्या एकालाही कुणाचा दात लागला नव्हता. हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. जुन्या वाट्यावर खारींशी, कावळ्यांशी आणि रानडुकरांशी रोजची मारामारी असायची. इथे उकरलेली माती नव्हती, लेंड्या नव्हत्या, फोडलेलं एक टरफल नव्हतं. तिने एक अक्रोड दगडावर फोडून खाल्ला. गर पांढरा, भरलेला, गोड. विषबिष काही नाही. डुकरांना ओढा ओलांडता येत नसेल, तिने स्वतःला सांगितलं, आणि पक्ष्यांचं उत्तर पुढे कधीतरी शोधू म्हणून सोडून दिलं.

झाडं संपली तिथे गवताचा उघडा डोंगर सुरू झाला. पिवळं गवत, वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेली बुटकी देवदारं, मेंढ्यांच्या जुन्या पाऊलवाटा, आणि एकामागून एक सोंडा थेट ताज्या बर्फाच्या शिखरांपर्यंत गेलेल्या. खाली दूरवर तेरेकबुलाकची पत्र्याची छपरं चमकत होती. फोनला अर्थातच रेंज नव्हती. बुरुल बराच वेळ तिथे बसली. वर्षभर दुसऱ्यांची दुखणी ऐकणाऱ्या बाईला असा एक तास मिळाला की ती खूश होते. ती खूश होती.

परत उतरताना वाट्याच्या अगदी माथ्यावर, एका कड्याच्या पोटाशी, तिला ते झाड दिसलं. सगळ्यांत जुनं असावं. छातीच्या उंचीवर ढोली होती आणि तिची खालची कड, वर्षानुवर्षं वावरलेल्या उंबऱ्यासारखी, गुळगुळीत झाली होती. बुरुलने आत हात घातला. मधमाश्या असतील असं तिला वाटलं होतं.

आत जोडे होते. तिकडच्या बायका मऊ कातडी मोज्यांवर घालतात ते काळे रबरी जोडे. चारपाच तरी असतील. एक अगदी जुना, चिरा पडलेला, असे आता बाजारात मिळतही नाहीत. एक बऱ्यापैकी नवा, फुलाच्या नक्षीचा. सगळे डाव्या पायाचे.

संध्याकाळी भाकरी मोडताना तिने ते सांगितलं. नवरा हसला. “कोल्ह्यांचं काम. कोल्ह्यांना रबराचा नाद असतो.”

“छातीएवढ्या उंचीवर?”

“मग मांजरं असतील रानटी. तुला काय, चौकशी लावायची आहे का?”

सासूबाईंनी कोरडा खोकला काढला, दोनदा, त्यांच्या नेहमीच्या सवयीने, आणि भाकरीचा तुकडा चहात बुडवला. कुठल्या झाडात, हे त्यांनी विचारलं नाही याचं बुरुलला नंतर आश्चर्य वाटलं. एरवी कुणाच्या मेंढीला कुठे काटा टोचला तेही त्यांना लागायचं.

दुसऱ्या सकाळी तिचा डावा जोडा नाहीसा झाला होता. तंबूच्या दाराशी दोन्ही काढून ठेवले होते, तिथे उजवा तेवढा होता. “बघ, सांगितलं नव्हतं?” नवरा म्हणाला. “कोल्हा.” मग त्याने स्वतःहून आपले जुने बूट तिला दिले, वर चिंध्या कोंबूनही दिल्या, पाय आत हलू नये म्हणून. एवढी काळजी त्याने बऱ्याच दिवसांत घेतली नव्हती, आणि तिला ते आवडलं.

दुपारी तो समोरच्या झाडावर चढून फांद्या हलवत होता, अक्रोड टपटपत होते आणि ती खाली वाकून वेचत होती. सालीने हात काळे होऊ नयेत म्हणून तिने त्याचेच जुने लोकरी हातमोजे चढवले होते. तेव्हा वरच्या अंगाने हाक आली.

“बुरुल.”

मधला उकार लांबवलेला. हसरा. तिच्या अंगावर शहारा आला तो भीतीचा नव्हता. ती ताठ उभी राहिली आणि ओ द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात समोरच्या झाडाची फांदी हलली. नवरा तिथेच होता. तिच्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी फांदी धरून.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही बोललात काही?”

“मी? नाही.” फांदी हलायची थांबली. “का? काही ऐकलंस?”

“नाही. वारा असेल.”

वारा नव्हता. एकही पान हलत नव्हतं. कडा जवळ आहे, आवाज कुठूनतरी आपटून येत असेल, असा तिने हिशेब मांडला आणि काम आटोपल्यावर तो तपासायला ती कड्याखाली गेली. टाळी वाजवली. काठी खोडावर आपटली. दगडावर दगड मारून पाहिला. आवाज होई आणि तिथेच मिटे. एवढ्या मोठ्या कड्याला प्रतिध्वनी म्हणून नव्हता.

परत फिरली तर पुन्हा हाक. आता जवळून, चारसहा झाडांच्या पलीकडून. त्या आवाजात वसतिगृहाचं फाटक होतं, थंडीत लाल झालेले त्याचे कान होते, तिच्यासाठी खिशात गरम ठेवलेला समोसा होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर तिला जावंसं वाटलं. सोनुन आजीची आठवण झाली म्हणून ती थांबली असं नाही. तिने ओ दिली नाही ती फक्त जिभेला लागलेल्या सवयीने, जंगलात नावाला तोंडाने उत्तर द्यायचं नाही म्हणून. तिने काठीने खोडावर तीन टोले दिले. उत्तराचा टोला आला नाही. तिच्या घरचं कुणी असतं तर आला असता.

ती खाली आली. वाटेत तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. आवाज जाऊ दे, थकव्याने कान वाजतात. पण नाव? या जंगलात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मग ते वर पोहोचलं कसं?

रात्री पाऊस पडून गेला. सकाळी ती तंबूबाहेर आली तर समोवार आधीच पेटलेला आणि सासूबाई प्याले मांडून बसलेल्या. बारा वर्षांत सासूबाईंनी तिला चहा ओतून दिला नव्हता. सुनेचं काम ते.

“बस गं,” त्या म्हणाल्या. “रोज तूच करतेस.”

त्यांनी तिच्या हातात प्याला दिला. काठोकाठ भरलेला. बुरुलने प्याल्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. त्या समोवारची तोटी पुसत होत्या. म्हातारपण, बुरुलच्या मनात आलं. नजर कमी झाली, एकदा डोळे तपासायला न्यायला हवं.

“आज वरच्या मोठ्या झाडाखालचं वेचून ये,” सासूबाई म्हणाल्या. “पावसाने सगळे खाली आले असतील. एकटीच जा. मोकळी हो जरा.”

“अहो, तुम्ही?”

“येतोच मागून,” नवरा म्हणाला. तो बुटाची नाडी बांधत होता. नाडी बांधलेलीच होती.

ती वर गेली. झाडांखाली ओलं अंधारलेलं होतं आणि तिच्या पुढे पुढे, एका ठरावीक अंतरावर, हाक चालली होती. मायेने. घाई न करता. तिने रुमाल कानांवरून घट्ट बांधला, तरी ती ऐकू येतच होती. मोठ्या झाडापाशी पोहोचली तशी हाक बंद झाली.

ढोलीत सगळ्यांत वर तिचा जोडा होता.

तो कोरडा होता. त्याच्यावर दाताची खूण नव्हती. टाचेला लागलेला चिखल कुणीतरी नीट पुसून काढला होता, आणि आतलं लाल अस्तर, जे गेल्या महिन्यात उसवलं होतं, ते आत दाबून सारखं केलं होतं. कोल्हा हे करत नाही. ते कुणी केलं हे कळायला तिला क्षणही लागला नाही, पण ते मान्य करायला ती तिथे बराच वेळ उभी राहिली.

मग तिला ढोलीतून आवाज आला. हाक नव्हे. बोलणं.

ती वाकली आणि तिने कान आत नेला.

“बुरुल,” नवरा म्हणत होता. हा तो फाटकाशी उभा राहिलेला आवाज नव्हता. बाजारात मेंढी दाखवताना तो लावतो तो. “बुरुल. ओशची. माझी बायको.”

कोरडा खोकला. दोनदा.

“बापाचं नाव सांग.” सासूबाई. “त्याशिवाय पुरं होत नाही.”

“बापाचं…”

“तिच्या बापाचं. तुझ्या सासऱ्याचं.”

पाय बदलल्याचा आवाज, वाळलेल्या पानांवर.

“आठवत नाही, आई. ती लहान असतानाच वारला ना तो.”

“बारा वर्षं झाली लग्नाला.”

“कधी लागलंच नाही कशाला.”

“असू दे. एवढ्यावरही जाईल ती. जरा उशिरा, पण जाईल. तुझाच आवाज आहे.” पुन्हा खोकला. “जोडा ठेव. आणि सांग, आमच्या घरचं कुणी मागू नकोस. ही काही आमच्या रक्ताची नाही.”

“ही काही आमच्या रक्ताची नाही,” नवऱ्याने शहाण्या मुलासारखं म्हटलं.

मग पुन्हा पहिल्यापासून. “बुरुल. बुरुल. ओशची. माझी बायको.” तेच शब्द, तोच खोकला, पाय बदलल्याचा तोच आवाज, जोडा गेला त्या रात्रीचा, झाडाने आत धरून ठेवलेला. बुरुलने सगळं दुसऱ्यांदा ऐकलं. कुठे काही चुकीचं ऐकलं असेल, या आशेने तिसऱ्यांदाही ऐकलं.

तिला रडू आलं नाही. आधी लाज वाटली, पुसून ठेवलेल्या त्या जोड्याची, काल बूट मिळाल्यावर आपण सुखावलो त्याची, आणि सासूबाईंचे डोळे तपासायचे म्हणत होतो त्याची. मग राग आला. वडिलांचं नाव तिने त्याला सांगितलं होतं. पहिल्यांदा फाटकाशी, मग लग्नाच्या दिवशी, मग त्यांच्या स्मरणदिनाचा पुलाव शिजवताना दरवर्षी. ती ते नाव आत्ता मनात म्हणाली. तोंडाने नाही.

खाली निघून जाता आलं असतं. उघड्या डोंगरावरून, मेंढ्यांच्या वाटेने, ओढा टाळून थेट गावात. तो विचार तिच्या मनात आला आणि ती त्या बाजूला दोन पावलं गेलीही.

मग परत फिरली.

तिने ढोलीतून आपला जोडा काढून घेतला. हातातला डावा हातमोजा काढला, त्याचा, अंगठ्याला तिने रफू केलेला, आणि जोड्याच्या जागी ठेवला.

बारा वर्षं तिने ज्या नावांना जिभेवर येऊ दिलं नव्हतं, ती सगळी तिला अक्षरन् अक्षर पाठ होती. टाळायचं नाव माणूस कधी विसरत नाही. रोज, प्रत्येक वाक्यात, ते कुठे उभं आहे हे पाहून मग त्याला वळसा घालावा लागतो.

तिने ढोलीच्या गुळगुळीत कडेवर हात टेकले आणि तोंड आत नेलं.

“एसेन,” ती म्हणाली.

पहिल्यांदाच म्हणत होती. जीभ जरा अडखळली.

“एसेन. बाल्ताबायचा मुलगा. कोजोमकुलचा नातू. कोजोमकुल तुरदुकेचा.” ती सातव्या पूर्वजापर्यंत गेली. त्या घरात सातही नावं सांगता येणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. मग तिने पहिलं नाव पुन्हा घेतलं, आणि या खेपेला, तिला नको असतानाही, आवाजात माया आली. फाटकाशी उभी असताना तिला ज्या आवाजात ते म्हणावंसं वाटायचं, त्या आवाजात.

आतलं बोलणं थांबलं.

ती उतरायला लागली तेव्हा तिच्या पाठीमागे, वारा नसताना, माथ्यावरच्या सगळ्या झाडांवरून अक्रोड पडायला लागले. तिने वळून पाहिलं नाही.

तंबूपाशी दोघं समोवारजवळ बसली होती. तिला येताना पाहून सासूबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. नवरा अर्धवट उठला, पुन्हा बसला.

“आलीस?” तो म्हणाला.

“आले.” तिने बूट काढून त्याच्या पुढ्यात नीट जोडीने ठेवले आणि आपले दोन्ही जोडे पायांत घातले. सासूबाईंनी त्या जोड्यांकडे पाहिलं आणि पाहातच राहिल्या. “आई, सरका. चहा मी देते. तुम्हाला कशाला त्रास?”

तिने निखारे सारखे केले. पानं घातली. प्याले विसळले. सासूबाईंना ओतला, अर्धा. स्वतःला ओतला, अर्धा. नवऱ्याचा प्याला हातात घेतला तेव्हा तो मान वाकडी करून वरच्या झाडांकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू येत होतं, कितीतरी वर्षांपूर्वीचं, आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“आई,” तो म्हणाला, “ऐकलंस?”

“काय?” सासूबाई म्हणाल्या. “काही नाही. कुणी नाही तिथे. तू इकडे बघ. माझ्याकडे बघ.”

“बाईचा आवाज आहे. माझं नाव घेतेय.” त्याने बुरुलकडे पाहिलं, जरा गोंधळून. ती समोर बसली होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. “तुझ्यासारखाच आहे गं. पण तू तर कधी…”

सासूबाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवायला हात पुढे केला. तो पोहोचायच्या आत त्याने ओ दिली. मोठ्याने, आनंदाने, वसतिगृहाच्या फाटकाशी हाक मारायचा त्या आवाजात.

बुरुलने समोवारची तोटी फिरवली आणि त्याचा प्याला भरला. काठोकाठ, एक थेंबही सांडू न देता. मग दोन्ही हातांनी, सुनेने द्यावा तसा, त्याच्या पुढे केला.